वाहतूक चिन्हे व मार्गरेखांकन

वाहतूक चिन्हे व मार्गरेखांकन : वाहनचालक, सायकलस्वार व पादचारी यांना आज्ञा, इशारा किंवा माहिती देण्यासाठी रस्त्याच्या कडेला अथवा रस्त्याच्या वर उभारलेल्या फलकांना वाहतूक चिन्हे म्हणतात. त्याच हेतूने रस्त्याच्या पृष्ठभागावर व पदपथाच्या काठावर काढलेल्या रेषा, पट्टे, बाण व अक्षरे यांना मार्गरेखांकन असे म्हणतात. संकेतदीप व वाहतूक पोलिसाचे हातवारे हीही नियमनाची साधने आहेत. परंतु ती क्षणाक्षणाला बदलणारी असून चिन्हे व रेखांकन ही स्थिर साधने होत. शहरातील रस्ता ही मर्यादित जागा असते व तिच्यावर अनेकांचा एकाच वेळी हक्क असतो. कोणी कोठून जावे, कोठे थांबावे व कोणी कोणास वाट द्यावी, हे ठरविणारा कायदा नागरिकापर्यंत पोहोचतो तो या फलकांच्या व पट्ट्यांच्या रूपाने. म्हणून चिन्ह कोणी लावावे, कोणत्या आकाराचे लावावे व ते नसल्यास काय, हे प्रश्न केवळ तांत्रिक नसून कायद्याचेही आहेत.

इतिहास : अंतर दर्शविणारे दगड व स्तंभ पुरातन काळापासून आढळतात. रोमन साम्राज्यातील मैलाचे दगड व मोगल काळात उत्तर भारतातील राजमार्गांवर उभारलेले कोस मिनार ही त्यांची परिचित उदाहरणे होत. मात्र ही साधने माहिती देणारी होती, आज्ञा देणारी नव्हती. धोक्याचा इशारा देणारे आधुनिक फलक प्रथम सायकलस्वारांच्या संघटनांनी लावले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये अशा संघटनांनी तीव्र उतारांच्या माथ्यावर स्वखर्चाने फलक उभारले होते. मोटारगाड्यांचा प्रसार सुरू झाल्यावर हे काम शासनाकडे आले. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटारगाडी अधिनियमानंतर वेगमर्यादेसाठी पांढरे कडे, मनाईसाठी तांबडी तबकडी व धोक्याच्या इशाऱ्यासाठी पोकळ तांबडा त्रिकोण अशी खूण ठरविण्यात आली. वर्तुळ म्हणजे आज्ञा व त्रिकोण म्हणजे इशारा, या आजच्या संकेताचे मूळ येथे दिसते.

पॅरिस येथे १९०९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये यूरोपीय देशांनी उंचवटा, वळण, चौरस्ता व रेल्वे फाटक अशी चार चित्रचिन्हे मान्य केली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकास निराळ्या दिशेने झाला. डिट्रॉइट शहरात १९१५ मध्ये ‘थांबा’ असा फलक प्रथम लावण्यात आला आणि १९२३ च्या सुमारास तेथील काही राज्यांच्या महामार्ग विभागांनी आकारावरूनच धोक्याची तीव्रता ओळखता यावी म्हणून निरनिराळे आकार निश्चित केले. थांबण्यासाठी अष्टकोन हा आकार त्या वेळी रूढ झाला. हा अष्टकोन आरंभी पिवळा होता. १९५४ मध्ये त्याला तांबडा रंग देण्यात आला. अमेरिकन चिन्हांत शब्दांवर व यूरोपीय चिन्हांत चित्रांवर भर राहिला. यूरोपातील सीमा ओलांडताना भाषा बदलते, हे या फरकाचे एक कारण होय.

रेखांकनाचा इतिहासही याच काळातला आहे. रस्त्याच्या मध्यभागी पांढरी रेषा ओढण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या वेन परगण्यातील रस्ते मंडळाचे एडवर्ड हाइन्झ यांना दिले जाते (१९११). रात्री वाहनाच्या दिव्यांच्या प्रकाशात चमकणारे ‘मांजराचे डोळे’ पर्सी शॉ यांनी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात १९३४ च्या सुमारास तयार केले. दुसऱ्या महायुद्धातील अंधारबंदीत त्यांची उपयुक्तता विशेष पटली. ब्रिटनमध्ये पादचाऱ्यांसाठीचे झेब्रा पट्टे प्रयोगानंतर १९५१ मध्ये अधिकृत झाले. चौकात वाहने अडकून राहू नयेत म्हणून काढण्यात येणारी पिवळ्या तिरप्या रेषांची चौकट १९६७ मध्ये तेथे रूढ झाली. दृष्टिहीन व्यक्तींना पायाने अथवा काठीने जाणवतील अशा उठावाच्या फरशा जपानमधील सेइइची मियाके यांनी तयार केल्या व त्या १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसविण्यात आल्या.

आंतरराष्ट्रीय एकसूत्रता आणण्याचे प्रयत्न जिनीव्हा येथे १९३१ व १९४९ मध्ये झाले. सध्या महत्त्वाचा असलेला करार व्हिएन्ना येथे ८ नोव्हेंबर १९६८ रोजी झाला व तो १९७८ मध्ये अंमलात आला. भारत १९८० मध्ये या करारात सहभागी झाला. या कराराने यूरोपीय व अमेरिकन परंपरांपैकी एकीची निवड न करता काही बाबतींत दोन्ही पर्याय मान्य केले. उदा., इशाऱ्याच्या चिन्हासाठी तांबड्या कडेचा त्रिकोण किंवा कोनावर उभा केलेला पिवळा चौकोन यांपैकी एक आकार देशाने निवडावयाचा असतो. भारताने त्रिकोण स्वीकारला आहे.

चिन्हांची भाषा : चालकाला चिन्ह वाचण्यास मिळणारा वेळ अत्यल्प असतो. ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सु. १७ मी. अंतर तोडते. धोका लक्षात येऊन पाय गतिरोधनीवर पडेपर्यंतचा प्रतिक्रियाकाल भारतीय अभिकल्पात २·५ सेकंद धरतात. एवढ्या वेळात वाहन सु. ४२ मी. पुढे गेलेले असते. त्यानंतर वाहन थांबेपर्यंत आणखी सु. ४० मी. लागतात. म्हणजे एकूण थांबण्याचे अंतर सु. ८० मी. होते. ताशी १०० किमी. वेगास हेच अंतर सु. १८० मी. होते. इशाऱ्याचा फलक धोक्याच्या अलीकडे पुरेशा अंतरावर नसेल, तर तो चालकाला अपघात टाळण्यास मदत करीत नाही.

या कारणास्तव चिन्हाचा अर्थ तीन पायऱ्यांनी उलगडेल अशी रचना केलेली असते. दुरून प्रथम आकार ओळखू येतो, नंतर रंग व अखेरीस आतील चित्र किंवा अक्षर. भारतीय पद्धतीत चिन्हांचे तीन वर्ग आहेत. आज्ञादर्शक चिन्हे गोल असून तांबडी कड ही मनाई किंवा मर्यादा दर्शविते, तर निळी तबकडी अमुक गोष्ट करावी असे सांगते. इशारा देणारी चिन्हे त्रिकोणी, पांढऱ्या पार्श्वभूमीची व तांबड्या कडेची असतात. माहितीदर्शक चिन्हे आयताकार असतात. यांत दोन अपवाद हेतुपुरस्सर ठेवले आहेत. ‘थांबा’ हे चिन्ह अष्टकोनी व ‘रस्ता द्या’ हे चिन्ह उलट्या त्रिकोणाचे असते. अन्य कोणत्याही चिन्हाचा असा आकार नसल्याने धुळीने माखलेले असले, किंवा मागील बाजूने पाहिले, तरी ते ओळखता येते. पुरुषांपैकी सु. ८ टक्क्यांपर्यंत व्यक्तींत तांबडा-हिरवा भेद ओळखण्याची क्षमता कमी असल्याचे आढळते. आकारावर भर देण्यामागे हेही एक कारण आहे.

रेखांकनाचीही अशीच भाषा आहे. तुटक रेषा खबरदारी घेऊन ओलांडता येते, अखंड रेषा ओलांडण्यास मनाई असते. दोन समांतर रेषांपैकी एक तुटक व एक अखंड असल्यास तुटक रेषेच्या बाजूच्या वाहनालाच ओलांडण्याची मुभा असते. चौकाजवळील थांबरेषा झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे काढलेली असते. या दोहोंमधील मोकळी जागा पादचाऱ्याच्या संरक्षणासाठी असते व थांबरेषा ओलांडून उभे राहिलेले वाहन तीच हिरावून घेते. फलकापेक्षा रेषेचा लाभ असा, की चालकाला नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही. मात्र गर्दीच्या रस्त्यावर पुढील वाहनांखाली रेषा झाकली जाते. म्हणून महत्त्वाच्या आज्ञेसाठी फलक व रेषा ही दोन्ही साधने एकत्र योजतात.

भारतातील कायदा व प्रमाणसंहिता : रस्ते विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. चिन्हांसाठी तिची ६७ क्रमांकाची व रेखांकनासाठी ३५ क्रमांकाची संहिता देशभर वापरली जाते. रेखांकनाची संहिता प्रथम १९७० मध्ये व चिन्हांची १९७७ मध्ये निघाली असून दोहोंच्या सुधारित आवृत्त्या वेळोवेळी प्रसिद्ध झाल्या आहेत. चिन्हांची मापे, अक्षरांची उंची, रंग, फलकाची जमिनीपासूनची उंची व कडेपासूनचे अंतर, दोन चिन्हांमधील अंतर, रेषांची रुंदी व लांबी इ. तपशील त्यांत दिलेला आहे.

संहिता ही अभियंत्यांसाठी असते. नागरिकांवर बंधनकारक असतो तो कायदा. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाची जागा १९८८ च्या अधिनियमाने घेतली व तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ११६ अन्वये राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेले प्राधिकरण सार्वजनिक ठिकाणी वाहतूक चिन्हे उभारू शकते. या चिन्हांचा आकार, रंग, प्रकार व अर्थ अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे असावा लागतो. कलम ११९ अन्वये आज्ञादर्शक चिन्हाचे, संकेतदीपाचे व वाहतुकीचे नियमन करीत असलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाचे पालन करणे हे चालकाचे कर्तव्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तांबडा दिवा ओलांडणे किंवा ‘थांबा’ या चिन्हाचे उल्लंघन करणे हे धोकादायक रीतीने वाहन चालविण्याच्या व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट झाले आहे.

या कायद्याची दुसरी बाजू कमी परिचित आहे. कलम ११२ खाली विशिष्ट रस्त्यावर वेगमर्यादा घालताना किंवा कलम ११५ खाली वाहनांना मनाई करताना राजपत्रात अधिसूचना काढणे पुरेसे नाही. योग्य ठिकाणी चिन्हे उभारणे हाही त्या निर्बंधाचाच भाग मानला आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा अधिक काळ राहणार नसेल, तर राजपत्रातील प्रसिद्धीची आवश्यकता नसते, परंतु परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते. म्हणजेच नागरिकाने आज्ञा पाळावी, त्याआधी शासनाने ती त्याच्या दृष्टीस पडेल अशी मांडावी, असा या तरतुदींचा आशय आहे. झाडाच्या फांदीआड गेलेला ‘वाहने उभी करू नयेत’ हा फलक किंवा पुसून गेलेली पिवळी रेषा यांच्या आधारे दंड आकारला जातो, तेव्हा नागरिकांची तक्रार असते ती या आशयाचा भंग झाल्याची.

चिन्हांच्या संरक्षणाचीही तरतूद आहे. चिन्ह बुद्धिपुरस्सर काढणे, बदलणे किंवा विद्रूप करणे यास मनाई आहे. एखाद्याच्या हातून अपघाताने चिन्हाचे नुकसान झाल्यास त्याने शक्य तितक्या लवकर व कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत पोलिसांना कळविले पाहिजे. चिन्ह झाकणाऱ्या, चिन्हासारख्या दिसणाऱ्या किंवा चालकाचे लक्ष विचलित करणाऱ्या जाहिराती हटविण्याचा अधिकार राज्य शासन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना देऊ शकते. दिल्लीतील रस्त्यांकडेच्या धोकादायक जाहिरातफलकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये आदेश दिले होते.

महानगरांतील कार्यपद्धती : भारतातील शहरांत हे काम एका हाती नाही. वाहतुकीचा नियम ठरविण्याचा अधिकार मुख्यतः पोलीस यंत्रणेकडे, तर रस्ता व त्यावरील फलक-पट्टे यांचा खर्च व देखभाल महानगरपालिकेकडे असते. मुंबईत १८८८ च्या व पुणे, नागपूर इ. शहरांत १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत ठेवणे हे महानगरपालिकेचे कर्तव्य आहे. रस्त्यांवरील रहदारीचे नियमन करण्यासाठी नियम करण्याचा अधिकार १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ अन्वये पोलीस आयुक्तांना आहे. वाहने उभी करण्याच्या जागा ठरविताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय व्हावा, अशी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११७ मध्ये तरतूद आहे. शहरातून राष्ट्रीय महामार्ग जात असल्यास त्यावरील चिन्हांसाठी तिसरी यंत्रणा असते.

एखादा रस्ता एकदिशा मार्ग करावयाचा असल्यास प्रथम वाहनांची व पादचाऱ्यांची मोजणी, वळणांचे प्रमाण, अपघातांची ठिकाणे व पर्यायी मार्गांची क्षमता यांचा अभ्यास करतात. त्यानंतर वाहतूक शाखेकडून प्रायोगिक तत्त्वावर आदेश निघतो, नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात व अनुभव पाहून अंतिम आदेश दिला जातो. वाहनतळाबाबत सम तारखेस रस्त्याच्या एका बाजूस व विषम तारखेस दुसऱ्या बाजूस वाहने उभी करण्याची पद्धत पुण्यासारख्या शहरांत आहे. ‘पी-१’ व ‘पी-२’ हे तेथील फलक नागरिकांच्या परिचयाचे आहेत. प्रयोग संपला की तात्पुरते फलक हटविणे तितकेच आवश्यक असते. एकाच खांबावर जुनी व नवी आज्ञा राहिल्यास चालकाला कोणतीच आज्ञा मिळत नाही.

स्थलनामांचे फलक प्रादेशिक भाषा, हिंदी व इंग्रजी यांत लिहितात. महाराष्ट्रात मराठी व हिंदी या दोहोंची लिपी देवनागरी असल्याने अनेक स्थलनामांसाठी एकच देवनागरी ओळ पुरते व त्यामुळे अक्षरे मोठी काढता येतात. चिन्हांतील आकृतीही सामाजिक विचाराचा विषय होऊ शकते. २०२० मध्ये मुंबईत दादर भागातील पादचारी संकेतदीपांत पुरुषाच्या आकृतीऐवजी स्त्रीची आकृती बसविण्यात आली.

साहित्य व देखभाल : रात्री चिन्ह दिसावे यासाठी फलकावर प्रतिपरावर्तक पत्रा किंवा पापुद्रा बसवितात. त्यातील सूक्ष्म काचमणी किंवा लोलक, वाहनाच्या दिव्यांचा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेस परत पाठवितात. त्यामुळे तो चालकाच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. रेषांसाठी साधा रंग स्वस्त असला, तरी वर्दळीच्या रस्त्यावर तो लवकर झिजतो. म्हणून शहरांत थर्मोप्लास्टिक या नावाने ओळखले जाणारे ऊष्मामृदू मिश्रण तापवून सु. २·५ मिमी. जाडीच्या थरात पसरतात व तो ओला असतानाच त्यावर दर चौ. मी. ला सु. २५० ग्रॅ. काचमणी शिंपडतात. मण्याचा साधारण निम्मा भाग थरात रुतला पाहिजे. तो कमी रुतल्यास मणी निखळतो व पूर्ण बुडाल्यास प्रकाश परतवू शकत नाही.

पावसाळ्यात रेषेवर पाण्याचा पातळ थर साचला की काचमण्यांचे कार्य बहुतांशी थांबते. म्हणजे ज्या रात्री रेषेची गरज सर्वाधिक, त्याच रात्री ती दिसेनाशी होते. अशा ठिकाणी पृष्ठभागाच्या वर उठून राहणाऱ्या परावर्तक गुट्ट्या उपयोगी पडतात. सिमेंट काँक्रीटच्या फिकट पृष्ठभागावर पांढरी रेषा उठून दिसत नाही. तिला काळी किनार दिल्यास फरक स्पष्ट होतो. डांबरी रस्त्यावर नवा थर टाकल्यावर किंवा चर खणून बुजविल्यावर रेषा पुन्हा न आखणे हा शहरांतील सर्वत्र आढळणारा दोष होय. रंगविलेला नसलेला व पूर्वसूचनेचा फलक नसलेला गतिरोधक हा स्वतःच अपघाताचे कारण ठरू शकतो, विशेषतः दुचाकीस्वारांच्या बाबतीत.

परिणाम व मर्यादा : भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. सर्वच मृत्यूंचा संबंध चिन्हांशी जोडता येणार नाही, परंतु रस्त्याची सदोष रचना व अपुरी सूचना यांचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोईमतूर येथील शल्यविशारद एस्. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये न्यायमूर्ती के. एस्. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व ३० नोव्हेंबर २०१७ रोजी रस्ते सुरक्षेबाबत राज्यांना सविस्तर निर्देश दिले. २०१९ मध्ये मोटार वाहन अधिनियमात कलम १९८ अ घालण्यात आले. रस्त्याच्या अभिकल्पाची, बांधकामाची व देखभालीची विहित मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरणास, ठेकेदारास किंवा सल्लागारास १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. रस्त्याच्या अवस्थेबाबत कोणते इशाराफलक लावले होते, हेही न्यायालयाने विचारात घ्यावयाचे आहे. चिन्ह पाळण्याचे उत्तरदायित्व चालकावर होतेच. ते लावण्याच्या कर्तव्यालाही यामुळे दंडाचा आधार मिळाला.

एकसूत्री व्यवस्था किती व्यापक कार्य करू शकते याचे उदाहरण स्वीडनमध्ये मिळते. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे तेथील वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूस नेण्यात आली, त्यासाठी सु. ३,६०,००० चिन्हे बदलावी लागली. याउलट, चिन्हांची संख्या वाढविल्याने सुरक्षितता त्याच प्रमाणात वाढत नाही. एकाच वेळी अनेक फलक दिसल्यास चालक त्यांपैकी थोडेच ग्रहण करतो. नेदर्लंड्समधील वाहतूक अभियंता हान्स मोंडरमन यांनी द्राख्तन या गावातील चौकांतून संकेतदीप व बरीचशी चिन्हे हटवून, लोकांनी एकमेकांकडे पाहून मार्ग काढावा अशी रचना केली. मंद गतीच्या चौकांत तिचा लाभ दिसला असला, तरी दृष्टिहीन व वृद्ध पादचाऱ्यांच्या दृष्टीने ती अडचणीची ठरते, असा आक्षेप आहे. कारण नजरेला नजर देऊन वाट मिळविणे त्यांना शक्य नसते.

दिशादर्शनासाठी भ्रमणध्वनीवरील नकाशे व वाहनातील कॅमेरे यांचा वापर वाढला असला, तरी चिन्हे व रेषा यांची आवश्यकता कमी झालेली नाही. मार्गिकेत राहण्यास साहाय्य करणाऱ्या वाहनातील यंत्रणाही रस्त्यावरील रेषाच वाचतात व पुसट रेषेपुढे त्या मनुष्याइतक्याच हतबल होतात. प्रत्येक चिन्हाची नोंद, त्याच्या अधिकृत आदेशाचा क्रमांक व शेवटच्या तपासणीची तारीख असलेली सूची ठेवणे, निरुपयोगी फलक काढणे व पावसाळ्यानंतर रेषा पुन्हा आखणे ही कामे नव्या उड्डाणपुलाच्या तुलनेत अल्प खर्चाची आहेत. शहरातील वाहतुकीच्या सुरक्षिततेत व पर्यायाने पादचाऱ्याच्या जीविताच्या रक्षणात त्यांचे महत्त्व मात्र मोठे आहे.